कोरियन मालिका आणि जामीनदाराची सही

कोरियन मालिकांविषयी आपल्याकडे जी मते ऐकू येतात, ती बहुतेक वेळा चेहऱ्यांपाशी सुरू होऊन चेहऱ्यांपाशीच संपतात. गुळगुळीत कांतीचे नायक, सोळा भागांत एकदाच घडणारे चुंबन, पाऊस आला की नेमकी डोक्यावर येणारी छत्री आणि या सगळ्याला भुललेल्या कॉलेजच्या मुली. नावे ठेवणारे हेच सांगतात आणि कौतुक करणारेही, फक्त सूर बदलून, हेच सांगतात. गेली सहा-सात वर्षे मी या मालिका नेमाने पाहते आहे आणि माझे मत थोडे वेगळे झाले आहे. त्यांत प्रेम असते ते तोंडी लावण्यापुरते. पोटभरीचा विषय कर्ज आहे. कर्ज कोणी काढले, सही कोणी केली, फेडतो कोण आणि फेडता फेडता त्याच्या घराची काय अवस्था झाली, याचा इतका चोख हिशेब ठेवणारे दुसरे दूरचित्रवाणी-कथन मी पाहिलेले नाही. माझी तक्रारही याच हिशेबाबद्दल आहे, पण तिच्याकडे नंतर येते.

‘रिप्लाय १९८८’ ही मालिका टीव्हीएन या वाहिनीवर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात वीस भागांत दाखवली गेली. सोल शहराच्या उत्तरेकडील सांगमुन-दोंग या वस्तीतल्या एका गल्लीत पाच कुटुंबे राहतात आणि मालिका त्यांच्या पोरांची आहे. पहिल्याच भागात संध्याकाळच्या वेळी एका घरातला पदार्थ दुसऱ्या घरी, दुसऱ्याचा तिसऱ्या घरी पोहोचवत मुले ताटल्या घेऊन गल्लीभर पळत असतात, आणि चाळीत किंवा वाड्यात लहानपण गेलेला मराठी माणूस तेवढ्यावरच विरघळतो. विरघळायला हरकत नाही. पण कोण कुठे राहते, हेही पाहावे. नायिका दक-सन हिचे वडील बँकेत नोकरीला आहेत, म्हणजे त्या काळच्या मानाने पगार चांगला आहे, तरीही पाच माणसांचे हे कुटुंब घरमालकाच्या घराखालच्या अर्ध्या तळघरात राहते. या अर्ध्या तळघराला कोरियन भाषेत ‘बांजीहा’ म्हणतात. त्याच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसतात. वडील दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले, ज्याने कर्ज घेतले त्याने फेडले नाही, आणि आता बँकेतला हा कारकून स्वतःचा पगार परक्या कर्जात ओततो आहे. वर राहणारे घरमालक एके काळी फार गरीब होते. त्यांच्या थोरल्या मुलाने घेतलेल्या ऑलिम्पिक लॉटरीच्या तिकिटाला मोठे बक्षीस लागले. एका कुटुंबाला तिकिटाने वर नेले, दुसऱ्याला सहीने खाली आणले. पाचही घरे एकमेकांच्या ताटात जेवतात म्हणून ही उतरंड नाहीशी होत नाही, हे मालिकेला पक्के ठाऊक आहे.

तिसऱ्या भागातला एक प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. दक-सनची आई वरच्या मजल्यावर घरमालकिणीकडे पैसे उसने मागायला जाते. मुलीची शाळेची सहल तोंडावर आली आहे आणि हातात काही नाही. ती बसते, इकडच्या तिकडच्या गोष्टी करते, दोनदा विषय ओठांवर येऊन परत जातो आणि शेवटी काहीच न मागता ती उठून येते. थोड्या वेळाने घरमालकीण तिला टोपलीभर मक्याची कणसे देते. कणसांच्या खाली पाकीट असते. त्या पाकिटाबद्दल कोणी कोणाशी बोलत नाही. या भागाचे नाव ‘पैसा असेल तर निर्दोष, पैसा नसेल तर दोषी’ अशा अर्थाचे आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये तुरुंगाच्या गाडीतून पळालेल्या आणि सोलमधल्या एका घरात लोकांना ओलीस धरून बसलेल्या कैद्याने उच्चारलेले हे वाक्य कोरियात म्हणीसारखे झाले. भागाला हे नाव देऊन लेखिकेने त्याच्या पोटात कणसांची टोपली ठेवावी, यातला विरोध मला फार बोलका वाटतो.

इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. कोरियन मुलेही वडिलांना ‘अप्पा’ अशीच हाक मारतात, त्यामुळे दक-सन ओरडली की आमचे आप्पा वर्तमानपत्रातून डोके काढून पडद्याकडे पाहतात. ते शाळेत मास्तर होते. १९९० च्या आसपास त्यांनी बरोबरच्या एका शिक्षकाच्या कर्जाला पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली. दोन जामीनदार लागत होते, दुसरा मिळत नव्हता, आणि समोरच्याने भर स्टाफरूममध्ये विचारले. पुढे त्या गृहस्थाची बदली झाली, हप्ते थकले, आधी साध्या पोस्टाने आणि मग रजिस्टरने पत्रे आली, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला झाला आणि चार वर्षे आप्पांच्या पगारातून कपात होत राहिली. आईने त्या काळात शिवणाचे मशीन घेतले. पगाराच्या दिवशी आप्पा पावती घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत आणि आई ती न विचारता काढून वाचत असे. दक-सनच्या आईवडिलांमध्ये पगाराच्या पाकिटावरून जी गप्प धुसफूस चालते, ती मला म्हणूनच उपशीर्षकांशिवायही कळते.

मराठीत ‘भीड भिकेची बहीण’ अशी म्हण आहे. तोंडावर नाही म्हणता न येणे हे मराठी आणि कोरियन मध्यमवर्गाचे समान दुखणे आहे, आणि या दुखण्याची गोष्ट त्यांच्या पडद्यावर आली, आपल्या पडद्यावर आली नाही. आपल्या दैनंदिन मालिकांमध्ये कागदांवरच्या सह्या पुष्कळ होतात. किंबहुना सही हा आपल्या मालिकांतला हुकमी एक्का आहे. पण ती सही नेहमी फसवून घेतलेली असते. चष्मा हरवलेला असतो, औषधाच्या कागदांत मालमत्तेचा कागद सरकवलेला असतो, नाहीतर धाकटी सून दुधात काहीतरी मिसळते. सही करणारा बिनडोक आणि करून घेणारी दुष्ट, अशी वाटणी एकदा केली की प्रेक्षकाला स्वतःकडे पाहावे लागत नाही. प्रत्यक्षात आपल्या घरांतली बहुतेक नुकसानकारक सही पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन, ‘अहो मास्तर, तुमच्यावाचून कोण आहे’ हे ऐकून झालेली असते. दक-सनच्या वडिलांना कोणी फसवलेले नाही. ते रस्त्यावर भाजी विकत बसलेल्या म्हातारीकडूनही, ती लवकर घरी जावी म्हणून, नको असलेला माल घेऊन येतात. जामीन राहणे हा त्याच स्वभावाचा महागडा भाग आहे. चांगुलपणाची किंमत बायकोमुलांनी मोजायची असते, ही अवघड गोष्ट ती मालिका कोणालाही खलनायक न करता सांगते.

‘माय मिस्टर’ (२०१८) या मालिकेत हे कर्ज आणखी खाली, माणसाच्या हाडांपर्यंत पोहोचते. जी-आन ही एकवीस वर्षांची मुलगी एका बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीत हंगामी कारकून आहे. आईने मागे ठेवलेले कर्ज ती सावकाराला फेडते, रात्री उपाहारगृहात भांडी घासते, उरलेसुरले अन्न पिशवीत घालून घरी नेते. ऑफिसातून उचलून आणलेल्या तयार कॉफीच्या दोन पुड्या ती एकाच कपात ओतते. ते तिचे जेवण असते. कॅमेरा त्या पुड्यांवर रेंगाळत नाही, पार्श्वसंगीत हुंदके देत नाही. थकलेल्या बिलापायी ती आपल्या मूकबधिर आजीला रुग्णसेवा केंद्रातून रात्री गुपचूप बाहेर काढते, आणि पुढे आजीला चंद्र पाहायचा असतो म्हणून बाजारातल्या सामानाच्या ढकलगाडीत बसवून टेकाडावरच्या गल्लीतून नेते. याच मालिकेत तिचा वरिष्ठ दोंग-हून तिला एकदा विचारतो की आजीला सरकारी सेवाकेंद्रात का ठेवत नाहीस. नात ही कायद्याने पालनपोषणास बांधलेली व्यक्ती नाही, पत्ता वेगळा कर, अर्ज कर, काम होईल. आणि मग तो विचारतो, की इतकी साधी गोष्ट सांगणारे तुला कोणीच नव्हते का.

सगळ्या कोरियन मालिकांतले हे मला सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. कोरियात दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा जुलै २००८ पासून लागू आहे. म्हणजे जी-आन ज्या ओझ्याखाली वाकली होती, त्यातला निम्मा भार उचलणारी व्यवस्था दहा वर्षे अस्तित्वात होती. तिला ती माहीत नव्हती, कारण माहिती ही सुद्धा ओळखीपाळखीतून मिळणारी वस्तू आहे आणि तिला ओळखपाळखच नव्हती. गरिबाकडे पैसा नसतो हे सगळेच सांगतात. गरिबाला कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज द्यायचा हे सांगणारे माणूस नसते, हे सांगायला लेखकाने त्या खिडकीसमोर उभे राहून पाहिलेले असावे लागते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ आली, तेव्हा आपल्याकडे तिच्या हिंसेची फार चर्चा झाली. मला एक वेगळीच गोष्ट दिसली. तिचा नायक गी-हून आणि त्याचा बालमित्र सांग-वू हे दोघेही सांगमुन-दोंगचे आहेत. तीच वस्ती, तीच गल्ली म्हणा ना. १९८८ मध्ये ताटल्या घेऊन पळणारी पोरे मोठी झाली तर त्यांचे काय होईल, याचे एक उत्तर इथे मिळते. पहिल्याच भागात सावकाराची माणसे गी-हूनला स्वच्छतागृहात गाठतात आणि त्याच्याच नाकातल्या रक्ताने त्याच्याकडून शरीराचे अवयव देण्याच्या कागदावर सहीऐवजी अंगठा उमटवून घेतात. गल्लीचा अभिमान असलेल्या, सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकलेल्या सांग-वूने आईचे घर आणि मासळीचे दुकान आईला न सांगता तारण ठेवले आहे. मोठ्या बक्षिसाच्या आशेने चारशे छप्पन्न कर्जबाजारी माणसे एका बेटावर खेळ खेळायला येतात, तिथे हरणाऱ्याला ठार मारतात; पहिल्या खेळात वाचलेली १०१ विरुद्ध १०० मतांनी घरी परततात, आणि घरी काय वाट पाहते आहे हे पाहून त्यांतली १८७ स्वतःच्या पायांनी मरणाच्या खेळाकडे परत जातात. दुसऱ्या भागाचे नाव ‘नरक’ आहे आणि त्या भागात कोणताही खेळ नाही. फक्त रोजचे आयुष्य आहे. हिंसेला कंटाळलेल्या माणसाने निदान हा एक भाग तरी पाहावा. गी-हूनची गेलेली नोकरी आणि चिरडलेला संप यांच्यामागे २००९ मधल्या प्योंगताक इथल्या मोटार कारखान्यातला संप आहे, हे दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी सांगितले आहे. पाकिस्तानी मजूर अलीची भूमिका करणारा अनुपम त्रिपाठी हा दिल्लीचा. अलीचा मालक त्याची मजुरी थकवतो, म्हणजे या मालिकेत काही लोक कर्ज बुडवून येतात आणि एक जण स्वतःचे येणे बुडाल्यामुळे येतो.

कर्ज कोरियन कथेच्या इतके मध्यभागी का आले, याची कारणे कथेच्या बाहेर आहेत. डिसेंबर १९९७ मध्ये देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी (आयएमएफ) कर्जाचा करार केला, कंपन्या बुडाल्या, कायमच्या वाटणाऱ्या नोकऱ्या गेल्या, आणि लोकांनी देशाचे परकीय कर्ज फिटावे म्हणून लग्नातल्या अंगठ्यासुद्धा रांगेत उभे राहून दिल्या. त्या पिढीला ‘आयएमएफ’ हे संस्थेचे नाव वाटत नाही, ते एका वर्षाचे नाव वाटते. शिवाय तिथे घरभाड्याची ‘जोन्से’ नावाची पद्धत आहे: महिन्याचे भाडे नाही, त्याऐवजी घराच्या किमतीचा मोठा हिस्सा मालकाकडे ठेव म्हणून द्यायचा आणि दोन वर्षांनी परत घ्यायचा. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. ही ठेव भरायला भाडेकरू कर्ज काढतो, मालक तीच ठेव दुसऱ्या घरात गुंतवतो, आणि किमती उतरल्या की दोघांच्या मधली रक्कम हवेत विरते. २०२२-२३ मध्ये अशी फसवणूक इतकी झाली की त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कुटुंबांचे एकूण कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास जाऊन पोहोचलेल्या समाजाने प्रेमकथा लिहिली, तरी तिच्यात हप्त्याची तारीख येणारच.

आता तक्रार. दुखण्याची नाडी इतकी अचूक धरणाऱ्या या मालिका औषधाच्या वेळी देणगी देतात. कणसांखालचे पाकीट सुंदर आहे, पण पाकीट हे उत्तर नव्हे. आणि बहुसंख्य मालिकांत पाकिटाचीच मोठी आवृत्ती येते: उद्योगसमूहाचा एकुलता वारस कपडे धुण्याच्या दुकानदाराच्या मुलीवर भाळतो, परदेशातून श्रीमंत आजोबा उगवतात, किंवा चांगला वरिष्ठ सावकाराशी मारामारी करून येतो. ‘स्क्विड गेम’सारखी कडवट मालिकासुद्धा पहिल्या पर्वाच्या शेवटी सांग-वूच्या आईजवळ पैशाने भरलेली बॅग ठेवूनच हिशेब मिटवते. कायदा, न्यायालय, कामगार संघटना, नगरपालिकेचे कार्यालय या गोष्टी पडद्यावर आल्याच तर भ्रष्ट म्हणून येतात. ‘माय मिस्टर’मधले ते शुश्रूषा केंद्राचे संभाषण म्हणूनच मला दुर्मीळ वाटते.

कोरियात प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. घरादाराची राखरांगोळी करणारी जामीनदारीची पद्धत २००८ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. जामीनदारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला, बँकांनी घरगुती कर्जांना असा जामीन घेणे बंद केले, पुढे इतर वित्तसंस्थांवरही बंधने आली. मृत आईवडिलांच्या कर्जाचा वारसा तीन महिन्यांत नाकारण्याची तरतूद तिथे आधीपासून होती. ज्यांच्या वतीने लहानपणी कोणी तो नाकारला नाही, अशा मुलांना सज्ञान झाल्यावर ते कर्ज वारशाने आलेल्या मालमत्तेपुरते मर्यादित करून घेण्याची संधी देणारी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. जी-आनला तिचा उपयोग झाला असता. यातला एकही बदल कोणा वारसाच्या प्रेमातून झालेला नाही. आपल्याकडे मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी आजही मूळ कर्जदाराइतकीच आहे, आणि पतसंस्थेच्या फॉर्मवर जामीनदारांच्या दोन रकान्यांत आजही कोणाचा तरी मेहुणा आणि कोणाचा तरी सहकारी सही करतो आहे.

यावर असे म्हणता येईल की मालिका म्हणजे काही कायदेविषयक शिबिर नव्हे, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला शेवट गोड हवा असतो. दुसरे म्हणणे मला मान्य आहे. गोड शेवटाला मी नाक मुरडत नाही. पण गोड आणि खोटे यांतले अंतर कोरियन लेखकांनीच दाखवून दिले आहे. ‘मिसेंग’ (२०१४) या कार्यालयीन मालिकेत कंत्राटी उमेदवार जांग गू-रे वीस भाग जिवाचे रान करतो आणि शेवटी त्याला कायम केले जात नाही. तो तिथून बाहेर पडतो, त्याचा जुना वरिष्ठ त्याला आपल्या छोट्या कंपनीत घेतो, आणि एवढ्यावर मालिका संपते. प्रेक्षक नाराज होऊन उठून गेले नाहीत. उलट त्याच वर्षअखेरीस कंत्राटी कामगारांची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांपर्यंत वाढवण्याचा सरकारी प्रस्ताव आला तेव्हा त्याला या पात्राच्या नावाने ओळखले गेले आणि कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा प्रस्ताव त्याच पात्राच्या मुळावर येणारा असल्याचे सांगितले. मालिकेतल्या एका नोकरीच्या निमित्ताने खऱ्या नोकऱ्यांवर भांडण होऊ शकते, एवढे बळ या माध्यमात आहे. पाकीट देऊन ते वाया घालवू नये, इतकेच माझे म्हणणे.

या मालिका घडवणाऱ्यांचाही एक हिशेब आहे. कालपरवापर्यंत बहुतेक कोरियन मालिका आज चित्रित, उद्या प्रसारित अशा घाईत बनत. संवादांचे कागद ऐन वेळी हातात पडत आणि तंत्रज्ञ गाडीतच डुलकी घेत. ‘रिप्लाय १९८८’ दाखवणाऱ्या वाहिनीच्याच दुसऱ्या एका मालिकेच्या तरुण सहायकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये आत्महत्या केली. थकलेल्या लोकांना आणखी राबवून घेण्याचे काम आपल्या वाट्याला येते, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले होते. २०१८ मध्ये कायद्याने आठवड्याच्या कामाची मर्यादा ६८ वरून ५२ तासांवर आणली, तेव्हा चित्रीकरणाच्या वेळापत्रकालाही हळूहळू तिच्यात बसावे लागले. पुन्हा कायदाच. ही गोष्ट मात्र अजून कोणी नीट पडद्यावर आणलेली माझ्या पाहण्यात नाही.

मागच्या दिवाळीत भाचीने आप्पांना तो तिसरा भाग दाखवला. इंग्रजी उपशीर्षके वाचून ती त्यांना मराठीत सांगत होती. कणसांचा प्रसंग संपल्यावर त्यांनी विचारले, की ज्याच्यासाठी याने सही केली, त्याचे पुढे काय झाले. मालिकेला त्या माणसात रस नाही, असे मी म्हणाले. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग, जणू मी विचारलेच होते अशा स्वरात म्हणाले, की आपला माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता, कपात संपली त्याच वर्षी. आई आतून म्हणाली, “आणि तुम्ही एकशे एक रुपये आहेर केलात.”